घरच्या खेळाडूची बोली

१० नोव्हेंबर

आज मी कबड्डीचा संघ घेतला. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

एवढं लिहून मी उठले, दूध उतरवलं, परत येऊन वाचलं. तेच लिहिलेलं होतं. म्हणजे खरंच घेतला.

झालं असं. मंचरला घोड-कुकडी महिला कबड्डी लीगची पहिली सभा होती आणि मिसळीची ऑर्डर आमच्या हॉटेलला. मी रश्श्याचं पातेलं घेऊन मांडवाच्या कडेला उभी. मंचर, नारायणगाव, जुन्नर, ओतूर, एकेक गाव उठत होतं, कोणीतरी म्हणत होतं, आम्ही घेतो. पेठचं नाव आलं नि सगळे गप्प. तेवढ्यात आळेफाट्याचे संपतशेठ, कांद्याची मोठी आडत असलेले, म्हणाले, "पेठला काय राव, घाट हाय आन् मिसळ हाय. तिथं संघ कशाला पायजे?" सगळे हसले. हसताना तोंडात माझीच मिसळ!

"मी घेते," मी म्हणाले. हातात पळी होती, ती वरच राहिली. अध्यक्षांनी विचारलं, "आपलं नाव?" मी म्हणाले, "वैजयंती. पेठ. मिसळीवाली." लिहून घेतलं की त्यांनी!

मग त्यांनी नियम वाचला, आणि तो ऐकून मला उडी मारावीशी वाटली. सगळ्या खेळाडूंना मिळून हंगामाचं मानधन दोन लाखांच्या वर कुठल्याच संघानं द्यायचं नाही. संपतशेठकडे वीस लाख असले तरी दोनच! नाहीतर म्हणे मोठी गावं चांगल्या पोरी उचलून नेतील आणि लहान गावांनी नुसत्या टाळ्या वाजवायच्या. माझे हात तर आधीच बांधलेले होते. आता संपतशेठचेही बांधले.

शिवाय आमची लेक आरोही कबड्डी खेळते. शाळेपासून. तिचीही सोय झाली.

११ नोव्हेंबर

ह्यांना सांगितलं. कांद्याला पाणी द्यायला निघाले होते. थांबले, चप्पल काढली, परत घातली. म्हणाले, "म्हशीच्या जागी संघ?"

म्हैस पुढच्या वर्षी घेऊ. निम्मे पैसे हॉटेलातून, निम्मे भोसरी-चाकणला कंपनीत असलेल्या पेठकरांकडून. सकाळपासून चौघांना फोन केले, चौघंही हो म्हणाले. एकानं तर रडवेल्या आवाजात विचारलं, जर्सीवर गावाचं नाव मोठं घालाल ना? घालते की! पाठ भरून घालते!

आरोहीला सांगितल्यावर तिनं मला कमरेला धरून उचललं. माझ्या वजनाला! पोरीत ताकद आहे.

२४ नोव्हेंबर

लिलाव! लिलाव!

नियम असा, की प्रत्येक संघाला आपल्या गावातली एक मुलगी लिलावाशिवाय घेता येते, सगळ्यात कमी मानधनात, म्हणजे पाच हजारात. तिला म्हणतात घरची खेळाडू. मी सकाळीच आरोहीचं नाव देऊन टाकलं. बाकीचे पैसे मोकळे!

मग बोली सुरू झाली. संपतशेठ पहिल्या पोरीला पस्तीस म्हणाले. पस्तीस हजार! नारायणगाववाले चाळीस म्हणाले. मी गेणभाऊंकडे बघितलं. गेणभाऊ म्हणजे आमचे प्रशिक्षक, तरुणपणी पंचक्रोशी गाजवलेला गडी, आता गुडघे गेलेत. ते कानात म्हणाले, "वैनी, गप ऱ्हावा." मी गप राहिलेच होते, भीतीनं.

दुपारच्या जेवणापर्यंत मोठ्या गावांनी आपापले दोन लाख जवळजवळ उडवले. कोणाच्या चार पोरी, कोणाच्या पाच, आणि उरलेल्यांसाठी चिल्लर. मग जुन्नरच्या शिफाचं नाव निघालं. डावा हात असा टाकते की समोरचीला कळतच नाही. सगळे तिच्याकडे बघतायत, हात कोणाचाच वर येत नाही. वर करणार कसे? नियमानं बांधलेत!

"तीस," मी म्हणाले. आवाज चिरकला.

मिळाली! मग पारगावची इंद्रायणी मिळाली, कोपऱ्यात उभी राहून घोटा धरते, धरला की सोडत नाही. मग समृद्धी. मग आणखी पाच जणी. संध्याकाळी माझे दोन लाख पुरते संपले होते आणि संघ पुरता भरला होता. संपतशेठ म्हणाले, "मिसळीवाल्या वैनी लई हुशार निघाल्या." भ्यायले होते हे कशाला सांगू?

शिफाचे वडील कमरुद्दीनभाई, जुन्नरला बांगड्यांचं दुकान आहे त्यांचं. मला म्हणाले, "ताई, पोरीला तिखट कमी द्या. आणि संध्याकाळी अंधाराच्या आत तुमच्या घरात घ्या." दोन्ही कबूल केलं. तिखटाचं जमेल की नाही माहीत नाही.

२५ नोव्हेंबर

आरोहीनं विचारलं, "आई, मला पाच?"

मी म्हणाले, "अगं, तुला जास्ती लावले असते तर शिफा हातची गेली असती. तुझे पैसे घरातच राहणार ना? इकडच्या खिशातनं तिकडच्या खिशात."

"बरं," म्हणाली. समजूतदार आहे. मी तिच्या वयाची असते तर रुसले असते.

८ डिसेंबर

सराव रोज चार ते सहा, शाळेमागच्या मैदानावर. सहाच्या पुढं थांबायचं नाही, उसात बिबट्याची मादी आहे, पिल्लं आहेत. संघाचं नाव ठेवलं ‘पेठ वाघिणी’. मादीला हरकत नसावी.

दहा दिवसांपूर्वी कळलं की संपतशेठनं आपल्या चार पोरींना आडतीवर हिशेबाच्या नोकऱ्या दिल्या. मानधन वेगळं, पगार वेगळा! मी अध्यक्षांना फोन लावला. ते म्हणाले, नोकरी मर्यादेत धरता येत नाही. मी विचारलं, आणि जेवण? ते म्हणाले, जेवणही नाही.

असं आहे होय! मग मी सुरूच केलं. सरावानंतर मिसळ, अंडी, मटकीची उसळ, शेंगदाण्याचा लाडू, गुरुवारी पुरणपोळी. नोकरी काय खायची असते का? आठवड्यात पोरींचे चेहरे फुलले. आज गेणभाऊ आले, माझ्यासमोर हात जोडले. "वैनी, वजनाचीबी मर्यादा आसती कबड्डीत. समृद्धी आता पळताना घुमती."

पुरणपोळी बंद केली. समृद्धी नाराज आहे.

१५ डिसेंबर

पहिला सामना ओतूरशी. हरलो. सपाटून हरलो. लोण चढला, म्हणजे सातच्या सात जणी बाद झाल्या, तोही दोनदा. मालकिणीच्या खुर्चीत मी इतकी आवळून बसले होते की उठताना खुर्ची बरोबर आली.

तरी परतताना गाडीत काय झालं कोणास ठाऊक, शिफानं एक गाणं सुरू केलं, इंद्रायणीनं दुसरं, आणि घाट उतरेपर्यंत मी पुढच्या सीटवर बसून टाळ्या वाजवत होते. ड्रायव्हर म्हणाला, "जिंकला का व्हय?" "नाही हो, हरलो!" सगळ्या एका सुरात ओरडल्या.

२२ डिसेंबर

जिंकलो!!! मंचरला हरवलं! मंचरला!! चार गावांचा बाजार भरतो त्या मंचरला!

शिफाला हार घातला, शाल दिली, गावात मिरवली. शेवटच्या चढाईत आरोहीनं तिघींना शिवून आणलं म्हणून सामना फिरला हे खरं, पण घरच्या पोरीचं आपण काय कौतुक करायचं? लोक म्हणतील, मालकीण बाई लेकीचेच ढोल वाजवते. आरोहीला काय, ती मिरवणुकीत मागं चालत होती, चपलांची पिशवी घेऊन. कामाची आहे.

२९ डिसेंबर

पुन्हा जिंकलो. जुन्नरला, जुन्नरात! कमरुद्दीनभाई आपल्याच गावाच्या विरुद्ध इतके ओरडले की घसा बसला. उद्या दुकानात गिऱ्हाइकाला खुणेनं भाव सांगावा लागणार.

कोणीतरी म्हणालं, सगळ्या लीगमध्ये सगळ्यात जास्त गुण आरोहीचे झालेत. मी म्हणाले, असतील. शिफा तिघी पकडणाऱ्या अंगावर ओढून घेते, म्हणून आरोहीला मोकळं रान मिळतं. गेणभाऊंनी माझ्याकडे बघितलं आणि पान थुंकायला गेले.

५ जानेवारी

तिसरा विजय! पण आज त्यावर लिहिणार नाही, कारण घरात मोठी गोष्ट शिजतेय.

आरोही फोनवर बोलत होती, गच्चीवर. मी वाळवणाचा पापड बघायला गेले (पापड नव्हता, बघायलाच गेले). कानावर पडलं ते असं: "हो सर... नाही, घरी अजून नाही सांगितलं... आईला वाईट वाटेल... मला थोडा वेळ द्या."

मी पाय न वाजवता खाली आले आणि सरळ ठमाबाईंकडे गेले. ठमाबाई आमच्या हॉटेलात भाकरी थापतात, त्यांना जगातलं सगळं कळतं. त्या म्हणाल्या, "सर म्हन्ली? मग पोरगा मास्तर हाय."

मास्तर! मला आधी धक्का बसला, मग हसू यायला लागलं. मास्तर म्हणजे काही वाईट नाही. पगार ठरलेला, सुट्ट्या भरपूर. फक्त आईला वाईट का वाटेल? जातीचा नसेल का? नसू दे. मी काही तसली बाई नाही. मला फक्त आधी सांगायला हवं.

८ जानेवारी

आज आरोही जेवताना म्हणाली, "आई, मी इथून बाहेर गेले तर चालेल तुला?"

मी म्हणाले, "बाई, मुलीनं कधी ना कधी जायचंच असतं. माणसं चांगली असली म्हणजे झालं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग उठून गळ्यात पडली. "खरंच, आई? मला वाटलं तू चिडशील."

"कशाला चिडू? तुझी किंमत कळणारं कोणी भेटलं तर मला आनंदच आहे."

ती रडायलाच लागली. हे मात्र भाकरी मोडता मोडता थांबले आणि माझ्याकडे असे बघत बसले, जसं काही मी अचानक इंग्रजी बोलले. बापाचं काळीज, हलणारच. मी ठमाबाईंना सांगून टाकलंय, अजून कोणाला बोलू नका. म्हणजे आता गावभर झालं असेल.

१२ जानेवारी

मास्तर नाही.

मास्तर नाही, लग्न नाही, काही नाही. आज मंचरला लीगची बैठक होती. हंगामाच्या मध्यावर एक दिवस असा असतो की दहा हजारांच्या आतल्या खेळाडूला दुसरा संघ जास्त मानधन देऊन मागू शकतो. लिलावात स्वस्तात गेलेली पोर चांगली खेळली तर तिला तिचं मोल मिळावं, म्हणून हा नियम. मुलीची संमती लागते. आणि पहिल्या संघानं तेवढंच मानधन दिलं तर ती तिथंच राहते, पण ते दोन लाखांच्या आत बसलं पाहिजे.

अध्यक्षांनी कागद वाचला. "आळेफाटा संघ. खेळाडू, आरोही भरत, पेठ. मानधन चाळीस हजार."

मला वाटलं दुसरी कोणीतरी आरोही. मग संमतीची सही दाखवली. तिचीच, ‘ह’ची शेपूट लांब काढायची तिची सवय.

संपतशेठची एक चढाईवाली गुडघा फिरून घरी बसली आहे, तिचं मानधन मोकळं झालं. ते पैसे त्यांनी माझ्या लेकीवर लावले. "वैनी, पोरगी हिरा हाय," म्हणाले. "तुमी पाच हजारात कशी काय बसवली?"

माझे दोन लाख भरलेले. एक रुपया हलत नाही. ज्या नियमाला मी टाळ्या वाजवल्या त्यानंच माझ्या घरात हात घातला.

उत्तर द्यायला तीन दिवस आहेत.

१३ जानेवारी

भोगी. बाजरीची भाकरी तीळ लावून केली, भोगीची भाजी केली. भांडी खूप आपटली.

ह्यांना माहीत होतं! आळ्याच्या, म्हणजे आळेफाट्याच्या प्रशिक्षकांचा, त्या ‘सरां’चा, फोन आधी ह्यांनाच आला होता. "मग मला का नाही सांगितलं?" तर म्हणतात, "तू तर जेवताना हो म्हणालीस. मलाच नवल वाटलं."

रागानं वर गेले, कपाट आवरलं, रागानं खाली आले.

गेणभाऊंनी फोनवर तोडगा सांगितला. "शिफाला सोडा. तिचं तीस मोकळं व्हत्याल, आजून येका पोरीचं दहा. आरोही ऱ्हाती. हिशोब बसतो." हिशेब बसतो. शिफा आमच्या घरात माझ्या हातचं खाऊन मला मावशी म्हणते, तिला हंगामाच्या मध्यात सोडायचं. आणि का, तर लेक जाऊ नये म्हणून. मी दिवसभर विचार केला आणि खरं सांगते, दुपारी दोनपर्यंत मी शिफाला सोडायचं ठरवलंही होतं.

१४ जानेवारी

संक्रांत. सकाळी तिळगूळ घेऊन मीच आरोहीच्या खोलीत गेले. म्हणाले, "घे. आणि आता मी विचारते ते गोड सांग, कडू सांग, पण खरं सांग. कमी काय पडलं तुला इथं?"

ती तिळगुळाच्या वडीवरचं खोबरं नखानं काढत बसली.

"आई, लिलावात सगळ्या मुली खाली बसल्या होत्या. एकेकीचं नाव येत होतं. समृद्धीवर बोली लागली तेव्हा ती माझा हात किती घट्ट धरून बसली होती. माझं नावच नाही आलं. तू सकाळीच उचललंस, कोथिंबिरीची जुडी उचलतात तशी. मला कोणी दोन हजार जास्त म्हणालं असतं की नसतं, मला कधी कळलंच नाही."

"अगं पण तू घरची..."

"तेच ना. मी तिघींना शिवून आणलं त्या दिवशी तू शिफाला हार घातलास. मला शिफाचा राग नाही आला. ती चांगलीच आहे. पण आई, मी पण होते ना तिथं?"

मी म्हणाले, मी शिफाला सोडते, तुला ठेवते, चाळीस देते. अगदी तावातावानं म्हणाले.

ती पटकन म्हणाली, "नको. तसं ठेवलंस तर मी परत घरचीच. आणि शिफाला कसं वाटेल?" मग हळूच, "आणि मला बघायचंय गं, तिकडं मला कोणी ओळखत नाही, तिथं मी कशी खेळते."

मी तिची ती खोबरं काढलेली वडी खाऊन टाकली. मग दोघींना हसू फुटलं, का ते माहीत नाही. इतकं हसलो की हे धावत आले. मी डोळे पुसत म्हणाले, "काही नाही हो, तुमच्या लेकीला चाळीस हजाराचं स्थळ आलंय."

१५ जानेवारी

कागदावर लिहून दिलं: पेठ संघ बरोबरी करत नाही. सही करताना पेन चालेना, संपतशेठनं आपलं दिलं. घरी आले तोवर ठमाबाईंनी गावभर सांगितलं होतं की आरोहीचं आळ्यात जमलं. दोन बायका अभिनंदनाला येऊन गेल्या. एकीनं तारीख विचारली. नऊ फेब्रुवारी, मी म्हणाले, अंतिम सामना. ती म्हणाली, अय्या, हॉल मिळाला का?

२ फेब्रुवारी

लिहायला वेळ कुठला! उपांत्य सामना! नारायणगावला हरवलं!! ज्यांनी चौघींवर चाळीस-चाळीस हजार लावून बाकीच्या चिल्लरीत घेतल्या, त्यांच्या चाळीसवाल्या बाद झाल्या की मैदानात सगळं रिकामं. आमच्याकडं सगळ्या मधल्याच, पण सगळ्या जणी भरीव. गेणभाऊ म्हणाले, "मर्यादा आसली की आसंच. येका हत्तीपरीस आठ बैल बरं." समृद्धीनं विचारलं, बैल कोणाला म्हणालात? ती आता पळताना घुमत नाही. एकटीनं चार पकडी केल्या.

अंतिम सामना आळेफाट्याशी. त्यांना तिथवर कोणी आणलं हे सांगायला नको. रोज पेपरात नाव असतं. मी वाचत नाही. ठमाबाई मोठ्यानं वाचतात, त्याला मी काय करू?

पोर आळ्याला तिथल्या मुलींबरोबर राहते. काल फोन केला. विचारलं, तुमची डावी बाजू कच्ची आहे का? ती म्हणाली, "आई! फोन ठेव."

९ फेब्रुवारी

कसं लिहू? सुरुवातीपासून लिहिते, नाहीतर शेवटच आधी लिहून बसेन.

जुन्नरचं मैदान. शिवनेरीवर ऊन कलत होतं. पेठहून तीन टेम्पो भरून माणसं. भोसरीहून कंपनीतली पोरं आली, अर्धा दिवस बुडवून. मी नवी निळी साडी, मालकिणीची खुर्ची, शेजारी संपतशेठ पांढऱ्या कपड्यात. आरोही त्यांच्या पिवळ्या जर्सीत आली. पाठीवर नाव. आमच्या जर्सीवर मी गावाचं नाव एवढं मोठं घातलं होतं की पोरींच्या नावाला जागाच उरली नव्हती. हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

सामना काय सांगू! शिफानं पहिल्याच चढाईत दोघी आणल्या. आरोहीनं तिकडून एक. इंद्रायणीनं त्यांची मोठी खेळाडू घोट्यातून उचलली तेव्हा आमचा टेम्पोवाला टपावर नाचला. आम्ही पुढं, मग ते पुढं, मग आम्ही. आरोही मैदानात आली की मी मांडीवर हात आवळून धरायची. माझ्या पोरींना ओरडून सांगायची, "धरा तिला! उजवीकडं वळते ती, धरा!" मालकीण आहे मी, सांगायलाच हवं. आणि त्यांनी धरलंही दोनदा. तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून. जवळजवळ.

शेवटची चढाई. गुण बरोबरीत. चढाई त्यांची. आरोही आली.

मैदान चिडीचूप. ‘कबड्डी, कबड्डी’ एवढाच तिचा आवाज. ती डावीकडं झुकली, समृद्धी पुढं आली, हिनं पायाच्या बोटानं तिला शिवलं आणि वळली. तेवढ्यात इंद्रायणीनं घोटा धरला. इंद्रायणीनं धरलं म्हणजे संपलं. आरोही आडवी पडली. वर शिफा, वर आणखी दोघी. मध्यरेषा तिच्या हातापासून वीतभर लांब. माझा संघ जिंकत होता. गाव उभं राहिलं होतं. माझा संघ जिंकतच होता!

आणि मी ओरडले, "हात टाक आरू! हात टाक! टाक बाई माझे, टाक!"

खुर्चीवर चढले होते म्हणे. मला आठवत नाही. संपतशेठची टोपी माझ्या हातात होती म्हणे. तेही आठवत नाही. एवढंच दिसलं, की त्या ढिगाच्या खालून एक हात निघाला, बोटं लांब लांब झाली आणि रेषेला लागली.

शिट्टी झाली. आळेफाटा जिंकलं. आणि सगळ्या मैदानात निळ्या साडीतली एकच बाई नाचत होती, ती हरलेल्या संघाची मालकीण.

भानावर आले तेव्हा आमच्या पोरी मातीत बसून माझ्याकडे बघत होत्या. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. त्यांनी हंगामभर जीव काढला, आणि मी असं केलं. मी खाली उतरले. शिफा उठली, अंगावरची माती झटकली, कमरेवर हात ठेवला.

"मावशी, एक सांगा. तुमी मालकीण कोनाच्या?"

मी म्हणाले, "मला नको विचारू गं, मला माहीत नाही." आणि रडायला लागले. तर इंद्रायणी हसायला लागली. घोटा धरताना तिच्या ओठाला लागलं होतं, रक्त येत होतं, आणि ती हसतेय. मग समृद्धी. मग सगळ्याच. गेणभाऊंनी खांद्यावरचा टॉवेल जमिनीवर आपटला, परत उचलला आणि त्यालाच तोंड पुसलं.

आरोही आली ती पळतच. माझ्या अंगावर पडली, आणि मला उचललं, तशीच, साडीसकट.

"ऐकू आलं तुझं," एवढंच म्हणाली. "दम सुटत आला होता, तेवढ्यात ऐकू आलं."

संपतशेठ आपली टोपी मागायला आले. म्हणाले, "वैनी, माझ्या संघासाटी माझ्या घरचीबी एवढी वरडली न्हाईत."

२३ फेब्रुवारी

लीगची शेवटची बैठक. पुढच्या हंगामालाही मर्यादा दोन लाखच. मोठ्या गावांनी वाढवा म्हणून लई आरडाओरडा केला. लहान गावांनी नाही म्हटलं, सगळ्यात मोठा आवाज माझा. गंमत म्हणजे संपतशेठचं तोंड एवढंसं झालं होतं. जिंकलेल्या संघाच्या सगळ्या पोरींना आता जास्त मानधन हवंय, आणि सगळ्या दोन लाखात बसत नाहीत. निम्म्या सोडाव्या लागणार. त्यात आरोहीही. तिचं नाव लिलावात येणार.

येताना गाडीत ती शेजारी बसली होती. म्हणाली, "आई, तू मला परत घरची म्हणून घेऊ शकतेस. पाच हजारात. नियम तोच आहे."

"आहे ना. पण मी ती जागा ठमाबाईंच्या नातीला देणार. ती चांगली पळते."

पेठचा घाट सुरू झाला, वळणं आली. मग आरोही खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "मग माझ्यावर बोली लावशील?"

"लावीन की. सगळ्यांच्या समोर. संपतशेठ चाळीस म्हणाले तर मी एकेचाळीस म्हणेन, ते पन्नास म्हणाले तर मी एक्कावन्न. हात खालीच नाही घेणार."

"एवढे कुठून आणशील? मग तुझा संघ कसा भरायचा?"

खरं सांगते, त्याचा मी पूर्ण विचार केलाय. मिळाली तर मिळाली. आणि नाही मिळाली, तरी बोली चढवत चढवत नेली तर संपतशेठची अर्धी मर्यादा एकट्या तिच्यावरच खर्च होईल, नि त्यांच्या हाताला बाकीच्या पोरी लागणार नाहीत. दोन्हीकडून फायदा माझ्याच संघाचा. साधा हिशेब आहे. तिलाही तसंच समजावून सांगितलं.

"बरं, आई," ती म्हणाली, आणि घाट संपेपर्यंत एकटीच हसत होती.